एकाच देशातले औषधाचे खोके आणि दह्याचा डबा : उत्तर आयर्लंडमध्ये माल नेमका कोणत्या नियमांनी येतो?

लागनकाठची | १४ सप्टेंबर २०२५, रात्री ९.४०

नमस्कार. आम्ही गेली सहा वर्षे बेलफास्टमध्ये राहतो आणि सध्या साताऱ्याहून सासूबाई आल्या आहेत. काल जेवणे झाल्यावर ओटा आवरताना त्यांच्या हाती दोन वस्तू लागल्या. एक होते ह्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचे खोके, दुसरा दह्याचा डबा. खोक्यावर ‘यूके ओन्ली’ असे छापलेले होते आणि डब्यावर ‘नॉट फॉर ईयू’. सासूबाई निवृत्त शिक्षिका आहेत. छापलेली ओळ न वाचता सोडणे त्यांना जमत नाही. त्यांनी मला विचारले, “अगं, औषधावर ‘फक्त ह्यांच्यासाठी’ आणि दह्यावर ‘त्यांच्यासाठी नाही’ असं लिहिलंय. मग आपण नक्की कोणाकडे राहतो?”

मला धड उत्तर देता आले नाही, म्हणून हा धागा काढते आहे. आम्ही इथे आलो तेव्हा ब्रिटन युरोपीय संघातच होता. ३१ जानेवारी २०२० रोजी तो बाहेर पडला, त्या वर्षाअखेरीस संक्रमणकाळ संपला आणि २०२१ च्या जानेवारीत इथल्या दुकानांतल्या काही फळ्या मी रिकाम्या पाहिल्या. ज्या ऑनलाइन दुकानातून मी कुंडीतली रोपे मागवत असे, त्याने ‘उत्तर आयर्लंडमध्ये पाठवत नाही’ असे कळवले. लंडनला राहणाऱ्या मैत्रिणीकडे तेच दुकान आजही रोपे पोहोचवते.

माझे मत सरळ आहे. देश एक असेल, तर निदान औषधाला तरी वाटेत कोणी कागद विचारू नये. पण हे असे का झाले, आता काय सुधारले आहे आणि काय अजून अडलेले आहे, हे ज्यांना कामामुळे ठाऊक आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

औषधमात्रा | १४ सप्टेंबर, रात्री ११.१५

लागनकाठची, तुमच्या सासूबाईंचा प्रश्न अगदी नेमका आहे. मी उत्तर आयर्लंडमध्ये अकरा वर्षे फार्मासिस्ट म्हणून काम करतो आहे आणि त्यातली पहिली चार वर्षे औषधांच्या एका घाऊक गोदामात गेली. त्यामुळे या प्रकरणाच्या दोन्ही बाजू जवळून पाहिल्या आहेत.

मूळ कारण असे की, उत्तर आयर्लंड ब्रिटनचा भाग असला तरी त्याची जमिनीवरची सीमा युरोपीय संघातल्या आयर्लंड प्रजासत्ताकाला लागून आहे. त्यामुळे ब्रिटन बाहेर पडले तरी मालाच्या बाबतीत उत्तर आयर्लंडला युरोपीय संघाचे बरेचसे नियम लागू राहतील, असे ठरले. यालाच ‘नॉर्दर्न आयर्लंड प्रोटोकॉल’ म्हणतात. आता औषधाच्या बाबतीत याचा अर्थ काय होतो तो पाहा. युरोपीय नियमांनुसार संघाबाहेरून येणारे औषध म्हणजे आयात. ते आणणाऱ्याकडे आयात परवाना लागतो, प्रत्येक बॅचची संघाच्या हद्दीत पुन्हा तपासणी लागते आणि ‘क्वालिफाइड पर्सन’ म्हणून नोंदलेल्या तज्ज्ञाने सही केल्याशिवाय ती बॅच बाजारात येत नाही. इंग्लंडमधल्या गोदामातून निघालेले खोके वर्षानुवर्षे रात्रीच्या बोटीने येऊन सकाळी आमच्या दुकानात पोहोचत असे. तेच खोके आता कागदोपत्री परदेशातून येणार होते.

उत्तर आयर्लंडची लोकसंख्या सुमारे १९ लाख आहे. एवढ्याशा बाजारपेठेसाठी वेगळा परवाना, वेगळी प्रयोगशाळा आणि वेगळे खोके हा खर्च स्वस्त जेनेरिक औषधांना परवडत नाही. त्यामुळे काही औषधे इथे पाठवणे थांबवावे लागेल, अशा सूचना कंपन्यांकडून येऊ लागल्या. ते महिने मला आठवतात. आम्ही दुकानात बसून एकेका औषधासमोर ‘पर्याय आहे’ किंवा ‘पर्याय नाही’ असे लिहीत होतो. अपस्माराच्या गोळ्यांशी आलो की हात थबकत असे, कारण त्या रुग्णांना एका कंपनीवरून दुसऱ्या कंपनीच्या गोळीवर सहज नेता येत नाही.

सवलतीचा काळ मिळाला म्हणून प्रत्यक्ष टंचाई टळली. पुढे एप्रिल २०२२ मध्ये युरोपीय संघाने आपला कायदाच बदलला आणि तपासणी व परवान्याची कामे ब्रिटनमध्ये केली तरी चालतील, अशी मुभा दिली. तरीही नव्या औषधांचा पेच उरला होता. नव्या औषधाला इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्ससाठी ब्रिटनची औषध-नियामक संस्था एमएचआरए परवानगी देणार आणि उत्तर आयर्लंडसाठी युरोपची तशीच संस्था ईएमए देणार, अशी विभागणी होती. कर्करोगाच्या एकाच औषधासाठी ग्लासगोच्या रुग्णाची वाट एक आणि बेलफास्टच्या रुग्णाची दुसरी, असे होण्याची शक्यता होती.

२७ फेब्रुवारी २०२३ रोजी ऋषी सुनक आणि उर्सुला फॉन डेर लायन यांनी विंडसर येथे जो करार जाहीर केला, त्याने हा पेच सोडवला. १ जानेवारी २०२५ पासून संपूर्ण युनायटेड किंग्डमसाठी एमएचआरएचा एकच परवाना पुरतो. त्याची अट म्हणजे तुमच्या खोक्यावरचे ते दोन शब्द. हे औषध सीमा ओलांडून आयर्लंड प्रजासत्ताकाच्या बाजारात विकायला जाऊ नये, एवढ्यासाठी ते छापलेले असतात.

म्हणून सासूबाईंना सांगा, की औषधाच्या खोक्यावरची ओळ ही कुलूप नसून किल्ली आहे. त्या ओळीमुळेच ते खोके विनासायास तुमच्या ओट्यापर्यंत आले.

मुलुंडपूर्व | १५ सप्टेंबर, सकाळी ८.०५

हे वाचून मुलुंडचा जकात नाका आठवला. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि नाका बंद झाला. त्याआधी ठाण्याकडून मुंबईत येणारे ट्रक तिथे तासन्‌तास उभे असत. देश तोच, राज्यही तेच, तरी माल थांबायचा. हा प्रकार त्यातलाच दिसतो.

कलम_कानून | १५ सप्टेंबर, सकाळी ९.३०

मुलुंडपूर्व, रांगेत उभ्या ट्रकवाल्याचा अनुभव सारखाच असेल, पण दोन्हींचा हेतू वेगळा आहे. जकात महापालिकेच्या उत्पन्नासाठी होती. पैसे भरले की ट्रक सुटत असे. आतला माल कोणत्या प्रमाणकानुसार बनला आहे, हा प्रश्न तिथे नव्हता. इथे तोच प्रश्न मुख्य आहे. वस्तू कोणत्या कायद्याखाली बनली, कोणी तपासली आणि शेवटी कुठे विकली जाणार, या तिन्हींची उत्तरे लागतात. आपल्या राज्यघटनेच्या ३०१ व्या अनुच्छेदाने भारतभर व्यापार मुक्त असेल असे म्हटले आहे. पण एखाद्या राज्याला शेजारच्या देशाचे मालविषयक नियम लागू आहेत, अशी स्थिती आपल्याकडे नाही. त्यामुळे तुलना फार ताणता येणार नाही.

गाडीतळ | १५ सप्टेंबर, दुपारी १.२०

मी स्कॉटलंडमध्ये मालवाहतुकीच्या व्यवसायात आहे. आमच्या बहुतेक गाड्या केर्नरायन बंदरातून लार्न किंवा बेलफास्टला जातात. समुद्रप्रवास दोन-सव्वादोन तासांचा आहे. बोट जेवढा वेळ घेते त्याहून जास्त वेळ एके काळी कागद घेत होते.

ज्यांनी हे काम पाहिलेले नाही त्यांच्यासाठी एक गाडी उघडून दाखवतो. साडेतेरा मीटरच्या ट्रेलरमध्ये २६ पॅलेट बसतात. मोठ्या सुपरमार्केटची गाडी असेल तर सगळा माल एका मालकाचा, एका गोदामातून निघालेला आणि एका यादीवरचा असतो. याउलट लहान व्यापाऱ्यांचा माल एकत्र भरून नेणारी गाडी, जिला आम्ही ग्रुपेज म्हणतो, तिच्यात एक पॅलेट रंगाच्या डब्यांचे, एक चीजचे, दोन सायकलच्या सुट्या भागांचे, एक बियाण्याचे असे काहीही असू शकते. एका पॅलेटचा कागद चुकला, तर उरलेली २५ पॅलेटही धक्क्यावरच उभी राहतात. ज्यांचे कागद चोख आहेत त्यांनाही उशीर होतो आणि ते पुढच्या वेळी आमच्या गाडीत माल भरायला कचरतात. मोठ्यांना नियम जड गेला नाही आणि लहान मात्र मागे हटले, याचे कारण एवढेच आहे.

विंडसर करारानंतर दोन वाटा झाल्या. उत्तर आयर्लंडमध्येच खपणारा माल ‘ग्रीन लेन’ने जातो आणि पुढे प्रजासत्ताकात जाण्याची शक्यता असलेला माल ‘रेड लेन’ने पूर्ण कागदपत्रांसह जातो. हिरव्या वाटेसाठी व्यापाऱ्याला ‘यूके इंटर्नल मार्केट स्कीम’मध्ये नाव नोंदवावे लागते. खाद्यपदार्थांसाठी १ ऑक्टोबर २०२३ पासून वेगळी किरकोळ विक्री योजना आहे. मूळ प्रोटोकॉलमध्ये सवलत नसती तर सुपरमार्केटच्या एकेका गाडीला पशुवैद्याच्या सहीची शेकडो प्रमाणपत्रे लागली असती. आता एका खेपेला एक सर्वसाधारण प्रमाणपत्र पुरते. ओळख पटवण्याच्या तपासण्यांचे प्रमाण १० टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने ५ टक्क्यांवर आले आहे. त्या बदल्यात ‘नॉट फॉर ईयू’ची पट्टी आली. आधी मांस आणि ताजे दूध, ऑक्टोबर २०२४ पासून दुग्धजन्य पदार्थ आणि या वर्षीच्या १ जुलैपासून फळे, भाज्या, मासे वगैरे. तुमच्या दह्याच्या डब्याची कथा ही अशी आहे.

लागनकाठची | १५ सप्टेंबर, रात्री ८.५०

औषधमात्रा आणि गाडीतळ, मनापासून आभार. दोघांचेही लेखन सासूबाईंना वाचून दाखवले. किल्लीची उपमा त्यांना पटली, पण त्यांनी लगेच विचारले, “घर आपलंच असेल तर किल्ली पाहुण्याला का दाखवायची?” माझी शंका अजून तीच आहे.

लिफीकिनारा | १५ सप्टेंबर, रात्री १०.३०

मी डब्लिनहून लिहिते आहे आणि या धाग्याला असहमतीचा एक सूर जोडू इच्छिते. आतापर्यंत सगळ्यांनी समुद्रावरच्या रेषेचा त्रास सांगितला. ती रेषा समुद्रावर नसती तर कुठे असती, याचा विचार अजून झालेला नाही.

उत्तर आयर्लंड आणि प्रजासत्ताक यांच्यातली सीमा सुमारे ५०० किलोमीटर लांब आहे आणि तिच्यावर दोनशेहून अधिक ठिकाणी रस्ते ओलांडतात. काही शेतांचा बांध एका देशात आणि विहीर दुसऱ्या देशात, अशी स्थिती आहे. उत्तर आयर्लंडने ब्रिटनमध्ये राहावे की आयर्लंडमध्ये जावे, या वादातून झालेल्या हिंसाचाराच्या तीस वर्षांत साडेतीन हजारांच्या आसपास माणसे मारली गेली आणि त्या काळात याच रस्त्यांवर सैन्याची ठाणी आणि टेहळणीचे मनोरे होते. १० एप्रिल १९९८ च्या गुड फ्रायडे शांतता करारानंतर ते सारे निघाले. आज मी डब्लिनहून सीमेपलीकडच्या न्यूरीला जाते तेव्हा सीमा ओलांडल्याचे फलकावरचे अंतर किलोमीटरऐवजी मैलांत दिसू लागल्यावर कळते. तिथे पुन्हा अडसर उभारावा, असे इथे कोणालाही वाटत नाही.

ब्रिटनने बाहेर पडायचे ठरवले तेव्हा दोन वेगळ्या बाजारपेठा निर्माण झाल्या आणि त्यांच्यात कुठे तरी तपासणी होणे अटळ ठरले. शिवाय २०१६ च्या सार्वमतात उत्तर आयर्लंडच्या ५५.८ टक्के मतदारांनी युरोपीय संघात राहण्याच्या बाजूने मत दिले होते, हेही विसरता कामा नये. इथला उत्पादक आज आपला माल ब्रिटनमध्येही पाठवतो आणि सीमाशुल्काच्या कोणत्याही कागदपत्रांशिवाय फ्रान्स-जर्मनीलाही पाठवतो. बर्मिंगहॅमच्या उत्पादकाला ते जमत नाही.

औषधमात्रा | १५ सप्टेंबर, रात्री ११.४५

लिफीकिनारा, भूसीमेबद्दल तुम्ही लिहिले ते मला पूर्णपणे मान्य आहे. फक्त औषधापुरती एक आठवण देतो. २९ जानेवारी २०२१ रोजी करोनाच्या लशींच्या निर्यातीवर नियंत्रण आणताना युरोपीय आयोगाने प्रोटोकॉलच्या १६ व्या कलमाचा आधार घेण्याचे जाहीर केले, म्हणजे याच खुल्या सीमेवर लशीपुरता अडसर आणण्याची तयारी दाखवली. डब्लिन, बेलफास्ट आणि लंडन या तिन्ही ठिकाणांहून विरोध झाला आणि काही तासांतच तो निर्णय मागे घेतला गेला. त्या दिवसांत मी लसीकरण केंद्रावर काम करत होतो. समोर ऐंशी-नव्वदीची माणसे बाही वर करून बसलेली असताना आम्ही ती बातमी वाचली. सीमेला इतके जपणाऱ्यांच्याही हातून औषधाच्या बाबतीत अशी चूक होऊ शकते. म्हणूनच औषधासाठी सामान्य मालापेक्षा वेगळा आणि पक्का नियम हवा, असे मला ठामपणे वाटते.

झुआरीपार | १६ सप्टेंबर, सकाळी ७.४०

गोव्यातून नमस्कार. मी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या पॅकिंग विभागात आहे. आमच्याकडून ब्रिटनला गोळ्या जातात, त्यामुळे ‘यूके ओन्ली’ हे दोन शब्द गेल्या वर्षी आमच्याही रोजच्या बोलण्यात आले होते.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, की खोक्यावर दोन शब्द वाढवायचे, त्यात काय मोठेसे! पण औषधाच्या खोक्यावर एक अक्षर बदलले तरी त्याचा आराखडा, म्हणजे आर्टवर्क, नव्याने मंजूर करावे लागते. खोक्याचा सांकेतिक क्रमांक बदलतो, छापखान्याकडून नवा नमुना येतो, तो रंग, मजकूर आणि बारकोडसह तपासून त्यावर सह्या होतात. जुनी खोकी मोजून बाजूला काढून नष्ट करायची आणि लाइन सुरू करण्यापूर्वी पट्ट्याखाली किंवा कोपऱ्यात जुने एकही खोके राहिलेले नाही, याची खात्री करून नोंद करायची. एका औषधाच्या तीन ताकदीच्या गोळ्या आणि प्रत्येकीची दोन मापांची खोकी असतील, तर हे सगळे सहा वेळा करायचे. एमएचआरएने सुरुवातीच्या सहा महिन्यांसाठी हे शब्द स्टिकरने लावण्याची मुभा दिली होती, तेही योग्य देखरेखीखाली लावायचे होते. आमच्या पाळीत आम्ही ते स्टिकर हाताने लावले. खोक्यावरचा इतर कोणताही मजकूर झाकला जाऊ नये म्हणून खोक्याच्या मापाची एक पुठ्ठ्याची पट्टी आम्ही कापून घेतली होती आणि तिच्या कडेला धरून प्रत्येक स्टिकर बसवत होतो.

ते स्टिकर कोणाच्या ओट्यापर्यंत जातात, हे या धाग्यामुळे आज पहिल्यांदा कळले. लागनकाठची, खोक्यावर कारखान्याचा पत्ता आहे का, तेवढे पाहाल का?

लागनकाठची | १६ सप्टेंबर, सकाळी ९.१०

झुआरीपार, खोक्यावर परवानाधारक कंपनीचा इंग्लंडमधला पत्ता आहे. पण आतल्या माहितीपत्रकात शेवटी उत्पादनस्थळ दिले आहे आणि तिथे ‘इंडिया’ लिहिलेले आहे. गाव वेगळे आहे, पण सासूबाईंनी ती ओळ ह्यांना दोनदा वाचून दाखवली.

औषधमात्रा | १६ सप्टेंबर, दुपारी १.००

झुआरीपार, तुमच्या लाइनवरचे आणखी एक काम थांबले असेल. बनावट औषधे रोखण्याच्या युरोपीय कायद्यानुसार फेब्रुवारी २०१९ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधांच्या प्रत्येक खोक्यावर स्वतंत्र क्रमांकाचा चौकोनी कोड असे. इंग्लंडमधल्या फार्मासिस्टांनी २०२० अखेर तो स्कॅन करणे सोडले, पण आम्हाला २०२४ संपेपर्यंत करावे लागले. औषध हाती देण्यापूर्वी प्रत्येक खोके स्कॅनरखाली धरायचे आणि क्रमांक रद्द झाल्याचा आवाज ऐकायचा, हे अंगवळणी पडले होते. १ जानेवारी २०२५ पासून ते थांबले. माझा सहकारी पुढे कित्येक दिवस रिकामा हात स्कॅनरकडे नेत असे.

लिफीकिनारा | १६ सप्टेंबर, दुपारी ३.२५

औषधमात्रा, लशीच्या त्या रात्रीबद्दल तुमचे म्हणणे मान्य करते. आयोगाची ती चूकच होती. मात्र ‘यूके ओन्ली’मुळे आमच्या बाजूला काय झाले तेही नोंदवते. ब्रिटन आणि आयर्लंड दोन्हीकडे इंग्रजी चालते, म्हणून अनेक औषधांसाठी दोन्ही देशांचे मिळून एकच खोके छापले जात असे. आता तसे खोके चालत नाही. त्यामुळे पन्नास-पंचावन्न लाखांच्या आमच्या देशासाठी कंपनीला स्वतंत्र खोके छापावे लागते. तुमच्या १९ लाखांबद्दल तुम्ही जो हिशेब मांडला, तोच आता थोड्या मोठ्या आकड्याने आम्हाला लागू होतो. तुमची किल्ली आमच्या दाराला लागत नाही.

औषधमात्रा | १६ सप्टेंबर, सायंकाळी ६.१०

हे खरे आहे आणि मी पहिल्या उत्तरात ते लिहायला हवे होते.

सह्याद्रीवारा | १६ सप्टेंबर, रात्री ९.००

एक साधा प्रश्न. माझा भाचा डेरीला राहतो आणि कामाला रोज सीमेपलीकडे डोनेगॉलला जातो. ‘यूके ओन्ली’ लिहिलेली गोळी त्याने खिशात घालून नेली तर तो नियमभंग होतो का?

औषधमात्रा | १६ सप्टेंबर, रात्री ९.२०

होत नाही. बंदी विक्रीसाठी बाजारात आणण्यावर आहे. स्वतःच्या उपचारासाठी डॉक्टरांनी दिलेले औषध बरोबर बाळगण्याला या लेबलाची आडकाठी नाही. त्याने निर्धास्तपणे न्यावे आणि गोळी मूळ खोक्यातच ठेवावी.

गोठा | १७ सप्टेंबर, सकाळी ६.५०

माणसांच्या औषधांचा प्रश्न सुटला, याचा मलाही आनंद आहे. परंतु जनावरांच्या औषधांचा सुटलेला नाही आणि त्याकडे फार थोड्यांचे लक्ष आहे. मी टायरोन परगण्यात दुभत्या जनावरांचा पशुवैद्य आहे. विंडसर करारात पशुवैद्यकीय औषधे घेतलीच नाहीत. त्यांना केवळ मुदतीची सवलत मिळाली आणि ती मुदत येत्या ३१ डिसेंबरला संपते. त्यानंतर ब्रिटनमधून येणाऱ्या अशा औषधांना युरोपीय नियम पूर्णपणे लागू होतील.

गायींच्या बोट्युलिझम आणि लेप्टोस्पायरोसिसच्या लशींबद्दल आम्हा पशुवैद्यांना विशेष चिंता आहे. लेप्टोस्पायरोसिस माणसालाही होतो. कोकणात पावसाळ्यानंतर त्याने किती घरे रडतात, हे आपल्या लोकांना सांगायला नको. म्हणजे ज्या शेतकऱ्याच्या स्वतःच्या गोळ्यांसाठी एवढा करार झाला, त्याच्या गोठ्यातल्या आजाराची लस अडली तर तो आजार त्याच्याच घरात येऊ शकतो. जनावरांची औषधे आणि माणसांची औषधे वेगळ्या कप्प्यांत ठेवणे कागदावर सोपे आहे, गोठ्यात ते तसे राहत नाही.

सरकारने जूनमध्ये दोन योजना जाहीर केल्या आहेत. एक औषधे मिळवण्यात मदत करण्यासाठी आणि दुसरी जनावरांच्या किंवा माणसांच्या आरोग्याला धोका असेल तेव्हा अपवाद म्हणून औषध आणण्यासाठी. मला विचाराल तर धोका उभा राहिल्यावर परवानगी मागणे हा लशीच्या बाबतीत उपाय होत नाही. लस आधी टोचायची असते. गेल्या आठवड्यात एका शेतकऱ्याने मला जानेवारीसाठी दीडशे मात्रा आत्ताच आणून ठेवा असे सांगितले. माझ्या दवाखान्यातल्या शीतकपाटात जागा किती आहे आणि त्या लशीची मुदत किती आहे, हे मोजून मी त्याला साठ देतो असे म्हणालो.

कलम_कानून | १७ सप्टेंबर, सकाळी १०.१५

गोठा यांनी अतिशय महत्त्वाची बाजू मांडली. लागनकाठची यांच्या सासूबाईंनी विचारलेल्या ‘घर आपलेच असेल तर’ या प्रश्नाबद्दल थोडे लिहितो, कारण तोच प्रश्न न्यायालयातही गेला होता. १८०० च्या संयोगाच्या कायद्यातले सहावे कलम ग्रेट ब्रिटन आणि आयर्लंडच्या प्रजेला व्यापारात समान दर्जा देते आणि प्रोटोकॉलने त्याचा भंग होतो, असा युक्तिवाद झाला. ८ फेब्रुवारी २०२३ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने फेटाळला. नंतरच्या संसदेने स्पष्ट कायदा केला असल्यामुळे जुन्या कलमाचा अंमल तेवढ्यापुरता बाजूला राहतो, असा त्याचा आशय होता. म्हणजे घर एकच आहे, पण घरच्यांनीच एका खोलीसाठी वेगळी व्यवस्था मान्य केली आहे.

त्या खोलीतल्या लोकांचे एकमत मात्र नाही. युनियनवादी, म्हणजे ब्रिटनशी जोडलेले राहावे अशा मताच्या, डीयूपी पक्षाने याच कारणावरून फेब्रुवारी २०२२ पासून दोन वर्षे स्थानिक सरकार चालू दिले नाही. आणि १० डिसेंबर २०२४ रोजी हे नियम पुढे चालू ठेवावेत का, यावर स्टॉरमॉन्टच्या, म्हणजे उत्तर आयर्लंडच्या विधिमंडळाच्या, सभागृहात मतदान झाले तेव्हा ४८ विरुद्ध ३६ मतांनी ते चालू राहिले. बाजूने एकाही युनियनवादी सदस्याचे मत नव्हते. माझ्या दृष्टीने यातला सगळ्यात गंभीर भाग हा आहे. लेबल सुधारता येते. अर्ध्या घराला विचारले गेले नाही असे वाटत असेल, तर ते लेबलाने भरून निघत नाही.

मसालेडबा | १७ सप्टेंबर, रात्री ८.३०

मी लेस्टरमध्ये मराठी खाद्यपदार्थांचे छोटे दुकान चालवते. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, थालीपिठाचे पीठ, शिवाय सणासुदीला पणत्या आणि मोदकाचे साचे. २०२० पर्यंत बेलफास्टला माझी चौदा नियमित गिऱ्हाइके होती. २०२१ च्या फेब्रुवारीत एका कुरियर कंपनीने माझी तीन पार्सले परत पाठवली. बाहेरच्या फॉर्मवर मी ‘मेतकूट’ असे लिहिले होते आणि त्याचा अर्थ कोणाला कळला नव्हता. आतला पुडा फुटलेला होता. त्या महिन्यात मी उत्तर आयर्लंडला माल पाठवणे बंद केले आणि पुन्हा चालू करण्याचे धैर्य झाले नाही. गाडीतळ यांनी ‘लहान मागे हटले’ असे लिहिले आहे, ती मी आहे.

आता नियम सोपे झाले असे सगळे म्हणतात. पण गेल्या डिसेंबरात युरोपचा नवा उत्पादन-सुरक्षा कायदा उत्तर आयर्लंडलाही लागू झाला. खाद्यपदार्थांना तो लागू नाही, हे समजले. पण मोदकाचा साचा विकायचा तर युरोपीय संघात किंवा उत्तर आयर्लंडमध्ये एक जबाबदार व्यक्ती नेमून तिचा पत्ता द्यावा लागतो. चार पौंडांच्या साच्यासाठी मी तिथे कोण नेमू?

गाडीतळ | १७ सप्टेंबर, रात्री १०.००

मसालेडबा, तुमचा अनुभव वाचून वाईट वाटले, कारण तो टाळता आला असता. आज काय करता येईल ते सांगतो. या वर्षीच्या १ मेपासून पार्सलांची पद्धत बदलली आहे. दुकानाने थेट गिऱ्हाइकाच्या घरी पाठवलेल्या पार्सलाला संपूर्ण सीमाशुल्क घोषणापत्र लागत नाही. मात्र कुरियर कंपनी त्यासाठी अधिकृत नोंदणी असलेली हवी. तेवढे तिला आधी विचारा. तिथल्या एखाद्या दुकानाला घाऊक माल द्यायचा असेल तर ‘इंटर्नल मार्केट स्कीम’मध्ये नाव नोंदवा. सरकारची ट्रेडर सपोर्ट सर्व्हिस विनामूल्य आहे आणि लहान व्यापाऱ्यांची कागदपत्रे भरून देते. दुधातुपाचे पदार्थ सुरुवातीला यादीत घेऊ नका, कारण प्राणिजन्य घटक आला की वेगळे नियम सुरू होतात. साच्यांचे काम कठीण आहे, ते मी सोपे म्हणून सांगणार नाही.

मे महिन्यात लंडनच्या शिखर बैठकीत ब्रिटन आणि युरोपीय संघ यांनी अन्न व वनस्पतीविषयक नियमांचा सामायिक करार करण्याचे तत्त्वतः ठरवले आहे. तो झाला तर दह्याच्या डब्यावरची पट्टी बहुधा जाईल. गोठा यांच्या लशींचा प्रश्न मात्र त्याने आपोआप सुटणार नाही, हे ध्यानात ठेवावे.

लागनकाठची | १८ सप्टेंबर, रात्री ९.१५

सगळे प्रतिसाद वाचले. माझे पहिले मत मला थोडे बदलावे लागते आहे. ‘औषधाला कोणी कागद विचारू नये’ असे मी लिहिले होते. आता कळते, की कागद विचारला जाऊ नये म्हणून वेर्ण्यात कोणी तरी पुठ्ठ्याची पट्टी धरून स्टिकर लावले आहेत आणि त्याची किंमत डब्लिनला वेगळ्या खोक्याच्या रूपाने मोजली जाते. लिफीकिनारा, भूसीमेबद्दलचे तुमचे लेखन सासूबाईंनी स्वतः पुन्हा वाचले. त्या एवढेच म्हणाल्या, की खोकी वेगळी झाली तरी चालतील, मनोरे नकोत. गोठा यांच्या लशींबद्दल मात्र आम्ही आमच्या मतदारसंघाच्या प्रतिनिधीला पत्र लिहितो आहोत. मसुदा इथे टाकते, गोठा यांनी कृपया तपासून द्यावा.

आणि मसालेडबा, त्या चौदांपैकी एक घर आमचे होते. तुमची पार्सले बंद झाली तेव्हा तुम्हीच बंद केली असतील असे समजून मी चौकशीही केली नाही. या वर्षी दिवाळी २० ऑक्टोबरच्या आसपास आहे. चकलीची भाजणी दोन किलो पाठवू शकाल का?

मसालेडबा | १८ सप्टेंबर, रात्री १०.४०

पाठवते. कुरियरला उद्या सकाळी फोन करून अधिकृत नोंदणी आहे का ते विचारते. गाडीतळ, फॉर्मवर ‘भाजणी’ कशी लिहू?

गाडीतळ | १८ सप्टेंबर, रात्री ११.०५

‘भाजणी’ लिहू नका. भाजलेल्या तांदळाचे आणि डाळींचे मिश्र पीठ, प्राणिजन्य घटक नाही, वजन दोन किलो, घरगुती वापरासाठी, असे लिहा. घटक आणि त्यांचे प्रमाण मला कळवा, वस्तूचा सांकेतिक क्रमांक मी शोधून देतो. आणि पुडा दुहेरी बांधा.

गोठा | १९ सप्टेंबर, सकाळी ६.३०

लागनकाठची, मसुदा जरूर टाका. त्यात लशींची नावे मी भरतो आणि ३१ डिसेंबर ही तारीख पहिल्याच वाक्यात घ्या.